दुष्टपणाचं वेळापत्रक

बिशानच्या मेट्रो स्टेशनात शिरलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आपल्या हातून काय काय वाईट घडू शकेल, याचा विचार सिंगापूर सरकारने आपल्याआधीच करून ठेवलेला आहे. सिगारेट ओढली तर १,००० डॉलरपर्यंत दंड, खाल्लं-प्यायलं तर ५००, पेट घेणारं काही बरोबर आणलं तर ५,०००. उडप्याच्या हॉटेलात भिंतीवर इडली, वडा, मसाला डोसा यांचे दर लावलेले असतात, तशी ही पापांची दरसूची. गाडीत चढावं तर मार्टिन नावाचा चित्रातला गृहस्थ आत सरकायला सांगतो आणि बेनी नावाचा दुसरा पाठीवरची पिशवी खाली ठेवायला. बाहेर रस्त्यावर पन्नास मीटरच्या आत पादचाऱ्यांसाठी जागा आखलेली असेल, तर तिथूनच पलीकडे जायचं. हॉकर सेंटरमध्ये जेवलात तर उठताना आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा. १ सप्टेंबर २०२१ पासून तो टेबलावर टाकून उठणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. च्युइंगगमवर तर १९९२ पासूनच बंदी. सकाळी घराबाहेर पडलेल्या बिशानकराला रात्री परत येईपर्यंत वाईट वागायचं म्हटलं तरी सवड सापडत नाही.

आणि याच बिशानमध्ये, एखाद्या सरकारी इमारतीच्या बाराव्या मजल्यावर, जेवणाचं ताट सिंकमध्ये ठेवून, गृहपाठ उरकून, उद्याचं दप्तर भरून बसलेला पंधरा वर्षांचा मराठी मुलगा अत्यंत शांत चेहऱ्याने एका शहराची राखरांगोळी करत असतो. पुण्याहून किंवा रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आलेली आजी सोफ्यावरून ते बघते. "यातला तू कोण रे?" "मी वाईट माणूस, आजी." "आणि चांगला कोण?" "तो आहे ना, पण तो बोअर आहे." आजी सुनेकडे बघते, सून नवऱ्याकडे बघते, नवरा मोबाइलकडे बघतो. हा संवाद घरोघर थोड्याफार फरकाने होतो, आणि त्यातून निघणारी काळजीही घरोघर तीच असते: पोराला शिस्तीच्या देशात आणलं, चांगल्या शाळेत घातलं, शुभंकरोति शिकवलं, तरी याला राक्षसच का व्हावंसं वाटतं?

या काळजीवरचा उतारा मुलाच्या त्या एका वाक्यातच आहे. चांगला बोअर आहे. खलनायक होण्यातली गोडी क्रौर्याची नसते, ती पुढाकाराची असते. कुठलीही गोष्ट घ्या, बेत असतो तो खलनायकाकडे. नायकाकडे असतात ती कामं, आणि तीही दुसऱ्याने नेमून दिलेली. खेळातला नायक सकाळी उठतो तोच कोणीतरी दाढीवाला म्हातारा त्याला गाठून सांगतो, बाळा, तीन किल्ल्या शोधून आण. तो आणतो. मग कळतं, दाराला चौथीही लागते. तो तीही आणतो, त्याला गुण मिळतात, आणि म्हाताऱ्याला पुढचं काम आठवतं. हे सगळं त्या मुलाने सकाळी साडेसातपासून शाळेत केलेलंच असतं. रॅफल्स इन्स्टिट्यूशन ही नामांकित शाळा १९९० पासून बिशानमध्ये आहे, आणि त्या शाळेची नुसती भिंत शेजारी असली तरी आसपासच्या घरांतलं हवामान बदलतं. प्राथमिक शाळेच्या शेवटी, बाराव्या वर्षी, जी परीक्षा द्यावी लागते तिचा निकाल २०२१ पासून ४ ते ३२ अशा गुणांत लागतो, आणि त्यात सर्वोत्तम गुण ४. नागपूरच्या आत्याला फोनवर "चारच पडले" असं सांगून मग ते चांगले कसे हे समजावणं, ही त्या घरातली दुसरी परीक्षा. असा सगळा दिवस दुसऱ्याच्या किल्ल्या शोधण्यात गेलेल्या मुलाने संध्याकाळी पुन्हा खेळातही किल्ल्याच शोधाव्यात, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

नायक म्हणजे अग्निशमन दल. आग लागेपर्यंत त्याला बसून राहावं लागतं. आग कुठे, कधी आणि कशी लावायची याचा विचार दुसराच कोणीतरी करत असतो, आणि विचार करण्यात मजा असते. आपल्याकडच्या मुलांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लपाछपीत ज्याला शोधायचं असतं त्याच्यावर 'राज्य' आलं असं मराठी मुलं म्हणतात. जगात इतरत्र राज्य मिळवण्यासाठी लढाया होतात. आमच्या अंगणात ते आलं की पोरगं रडकुंडीला येतं. भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजायचं, मग एकेकाला हुडकत हिंडायचं, आणि मागून येऊन कोणी धप्पा दिला की पुन्हा मोजायला लागायचं. कायद्याच्या रक्षकाचं आयुष्य याहून नेमकं कोणी मांडलेलं नाही. राजा-प्रधान-शिपाई-चोर या चिठ्ठ्यांच्या डावातही तेच. राजाला बसल्या जागी हजार गुण मिळतात आणि तो जांभई देतो. ज्याच्या चिठ्ठीवर 'चोर' निघालाय त्याच्या मात्र कानाच्या पाळ्या लाल होतात. शून्य गुणांची ती चिठ्ठी, पण खऱ्या अर्थाने तोच एकटा खेळत असतो.

मोठ्यांचंही वेगळं नाही. कोकणातल्या दशावतारात सुरुवातीला संकासुर येतो. काळा वेश, बाहेर लोंबणारी लाल जीभ, वेद चोरणारा राक्षस. शेवटी विष्णूच्या हातून मरायचंय हे त्याला, प्रेक्षकांना आणि पेटीवाल्यालाही पाठ असतं. पण मरेपर्यंत समोर बसलेल्या गावाची मालवणीत टर उडवण्याचा परवाना त्याच्याकडे असतो, देवाकडे नसतो. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आलं. लोकांनी तिकिटं काढली ती न्यायाधीशांसाठी नव्हेत. फिरत्या रंगमंचावर लखोबा लोखंडे आता कोणत्या सोंगात उभा राहतो ते बघण्यासाठी. प्रभाकर पणशीकरांनी त्याचे प्रयोग हजारांत नेले. फसवल्या गेलेल्या बायकांच्या साक्षी इतक्यांदा ऐकूनही मराठी प्रेक्षकाने टाळ्या दिल्या त्या लखोबाला, आणि नाटक सुटल्यावर शेवटची बस पकडून तो आपल्या एकुलत्या एक बायकोकडे वेळेवर परतला. निळू फुल्यांची गोष्ट तर याहून बोलकी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, आयुष्यभर सामाजिक चळवळींसाठी राबलेला हा माणूस पडद्यावर दिसला की गावोगावच्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या. २००९ साली ते गेले. अजूनही गॅदरिंगमध्ये कोणी पोरगा त्यांची नक्कल करायला उभा राहिला, तर तो वाड्यावरच्या पाटलाची करतो. सेवा दलाच्या कार्यकर्त्याची नक्कल करून टाळ्या मिळवलेला मुलगा अजून जन्माला यायचाय.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात तर याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला म्हणावा असा पुरावा आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी गावातली डीएमए डिझाइन ही कंपनी १९९०च्या दशकात 'रेस अन् चेस' नावाचा खेळ तयार करत होती. (हा 'अन्' त्यांचाच, मराठीशी त्याचा संबंध नाही.) त्यात पोलीस होऊन गुन्हेगारांच्या मागे लागायची सोय होती. अडचण अशी निघाली की पोलीस झालं की पोलिसासारखं वागावं लागे. सिग्नलला थांबा, पादचाऱ्यांना सांभाळा. खेळून बघणाऱ्यांना त्यात राम वाटेना. गुन्हेगाराची गाडी हातात आली की मात्र रंग भरायचा. त्यातच प्रोग्रॅममधल्या एका चुकीमुळे पोलिसांच्या गाड्या चवताळल्यागत खेळणाऱ्याच्या गाडीवर धडका मारू लागल्या. ही चूकच सगळ्यांना इतकी आवडली की खेळाचा सगळा झोक तिकडे वळला, आणि १९९७ साली तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या नावाने बाजारात आला. याच मालिकेतल्या, २०१३ साली निघालेल्या पाचव्या भागाच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. ट्रॅफिक पोलिसाचं काम खेळ म्हणून विकायला काढलं असतं तर कोणी घेतलं असतं? ज्यांना ते पगारावर मिळतं तेही बदलीचा अर्ज खिशात ठेवून असतात.

संगणक नव्हते तेव्हाचीही एक साक्ष आहे, आणि ती एका सद्हेतूच्या पराभवाची आहे. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम' या पटावरच्या खेळाचं पेटंट मिळवलं. जमिनी एकाच्या हातात गेल्या की बाकीच्यांचे काय हाल होतात, हे लोकांना खेळता खेळता समजावं, असा त्यामागचा हेतू. त्यांनी नियमही दोन प्रकारचे ठेवले. एका प्रकारात संपत्ती वाढली की सगळ्यांच्याच पदरात काही पडायचं. दुसऱ्यात एकाने इतरांना देशोधडीला लावायचं. लोकांनी कोणता उचलला हे सांगायला नकोच. तोच पुढे मोनोपॉली झाला, आणि आपल्याकडे 'व्यापार' होऊन मे महिन्यात सतरंजीवर पसरला. एरवी बहिणीला स्वतःच्या ताटातला आंबा देणारा भाऊ तिच्याकडून हॉटेलचं भाडं वसूल करताना कसा दिसतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना खलनायकीचं आकर्षण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बिशानमध्ये तर सरकारने बांधलेले फ्लॅटसुद्धा दहा लाख डॉलरच्या वर विकले गेले आहेत, त्यामुळे तिथल्या मोठ्यांना तो खेळ खेळायला पट लागत नाही.

इथवर आजीला पटण्यासारखं आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. खलनायकाची गादी मिळाल्यावर हा मुलगा करतो काय? आजीला वाटतं धिंगाणा घालत असेल. प्रत्यक्षात तो ऑफिस उघडतो. ब्रिटनमधल्या बुलफ्रॉग कंपनीचा 'डंजन कीपर' हा १९९७ सालचाच खेळ घ्या. यात तुम्ही पाताळातल्या भुयारांचे मालक, आणि शूर सरदार म्हणजे तुमचं सोनं लुटायला येणारे उपद्व्यापी लोक. ऐकायला भयंकर वाटतं. रोजचं काम मात्र असं: भुयारं खणून घ्यायची, राक्षसांना निजायला जागा बांधून द्यायची, त्यांच्या जेवणासाठी कोंबड्यांचं खुराडं चालवायचं, शिकाऊ राक्षसांसाठी तालीमखाना काढायचा, कोठीत सोनं साठवायचं, आणि पगाराचा दिवस आला की प्रत्येकाचा हिशेब चुकता करायचा. पगार थकला की राक्षस आधी फुगून बसतात आणि मग नोकरी सोडून जातात. घरबांधणी, शिधा, प्रशिक्षण, वेतन आणि नाराज कर्मचारी. दुष्टपणा म्हणाल तर एवढाच, की कामचुकार चाकराला एक चापट मारून जरा जोरात पळवता येतं. ही एक सवलत वगळली तर सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळातला कुठलाही अधिकारी या गादीवर बसल्या दिवशी रुळेल.

बिशानच्या अधिकाऱ्यांना तर जमिनीखालच्या रहिवाशांचाही अनुभव आहे. हे सबंध उपनगर उभं आहे ते जुन्या दफनभूमीवर. कँटनहून आलेल्या लोकांनी १८७० साली इथे पेक सान थेंग ही दफनभूमी सुरू केली. बिशान हा त्याच नावाचा मँडरिन उच्चार. शहर वाढायला लागलं तेव्हा सरकारने जमीन घेतली, कबरी उकरून अवशेष काढले, आणि जवळच त्यांच्यासाठी अस्थिगृह झालं, जे आजही आहे. मेट्रो स्टेशन सुरू झालं १९८७ मध्ये, आणि शेवटच्या गाडीत दिसणाऱ्या भुतांच्या कहाण्या तेव्हापासून सांगितल्या जातात. त्या भुतांबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: पिवळ्या रेषेच्या पलीकडे उभं राहिल्याबद्दल त्यांच्यातल्या कोणाला हटकल्याचं ऐकिवात नाही. जिथे मेलेल्यांचंही पुनर्वसन यादी करून होतं, तिथल्या मुलाला पाताळाचा कारभार जमला नाही तरच नवल.

बाकीचे खेळही याच जातीचे. 'ईव्हिल जीनियस' (२००४) मध्ये जग ताब्यात घ्यायचं असतं, पण त्याआधी बेटावर खोल्या बांधा, नोकरांच्या जेवणाखाण्याची आणि झोपेची व्यवस्था लावा. 'प्लेग इंक.' (२०१२) मध्ये तर खेळणारा साक्षात रोगजंतू. माणुसकीचा याहून मोठा शत्रू कोण? पण पहिल्याच दिवशी लोकांना लोळवायला गेलात की डॉक्टर सावध होतात, बंदरं बंद होतात आणि ग्रीनलंड हातचं जातं. यशस्वी जंतू आधी बराच काळ साध्या सर्दीसारखा निमूट राहतो, गुण साठवतो आणि योग्य वेळेची वाट बघतो. ही वृत्ती मुदत ठेवीत पैसे ठेवणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांची आहे. आणि 'अनटायटल्ड गूज गेम' (२०१९) या ऑस्ट्रेलियन खेळात तुम्ही असता एक हंस, असला खट्याळ की शांत खेड्यात शिरून माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, त्याला भिजवायचं, त्याचं दाताळं तळ्यात बुडवायचं, आणि ओरडण्यासाठी तर वेगळं बटणच. एवढा उपद्रव करायचा तोही यादीबरहुकूम. आज करायची कामं कागदावर लिहिलेली असतात आणि एकेक काम झालं की त्यावर रेघ पडते. ज्या मुलाला आई रोज फ्रिजवर चिकटवलेली यादी दाखवून थकते, तो हंसाची यादी एका बैठकीत संपवून उठतो. फरक एवढाच, की ही यादी त्याला आपली वाटते.

हंसाची गोष्ट बिशानला तर अंगणातलीच वाटावी. बिशान-आंग मो कियो पार्कमधून कल्लांग नदी वाहते. पूर्वी तो २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा होता. २०१२ पर्यंत काँक्रीट फोडून त्याची ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. सरकारने नियम काढून टाकल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. या नदीचा फायदा घेतला पाणमांजरांनी. बिशानचं म्हणून ओळखलं जाणारं त्यांचं एक कुटुंब इथून प्रवाहाबरोबर खाली गेलं आणि मरिना बे भागात आधीपासून राहणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला हुसकावून ती जागा बळकावून बसलं. सिंगापुरातल्या पाणमांजरांनी बंगल्यांच्या तळ्यांतले महागडे कोई मासेही फस्त केलेत. एवढी जमीन बळकावणी आणि चोरी माणसाने केली असती तर दरसूची कमी पडली असती. पाणमांजरांच्या मागे मात्र लोक कॅमेरे घेऊन धावतात, त्यांच्या भांडणांच्या बातम्या होतात, आणि पोरं झाली की शहर आनंदून जातं. तळ्याच्या मालकाचा फोटो कोणी काढत नाही. तो बिचारा नियमाप्रमाणे मासे पाळत होता.

आता आक्षेप. पहिला अर्थातच आजीचा: रोज राक्षस होऊन पोरगं राक्षस होईल. ही भीती खेळांइतकीच जुनी आहे. १९७६ साली 'डेथ रेस' या यंत्रावर काठ्यांसारख्या आकृत्यांवर गाडी घालायची होती, तेव्हाही अमेरिकेत हलकल्लोळ झाला होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या सुमारे हजार किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलांच्या शब्दावर विसंबून न राहता पालकांनाही त्यांच्या वागण्याबद्दल विचारलं होतं. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. म्हणून रात्री दोनपर्यंत खेळावं असं मुळीच नाही. डोळे आणि झोप जायची ती नायक होऊन खेळलं तरी जातेच. त्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच खलनायक आहेत.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे आणि तो आकड्यांतून येतो. 'मास इफेक्ट' या खेळात सज्जन किंवा उर्मट, कोणत्याही वाटेने जाता येतं. सिंगापूरने नोव्हेंबर २००७ मध्ये त्यातल्या एका प्रणयदृश्यावरून त्याच्यावर बंदी घातली आणि काही दिवसांतच १८ वर्षांवरच्यांसाठी म्हणून परवानगी दिली; म्हणजे खलनायकीला हरकत नव्हती, प्रेमाला होती. पण मुद्दा वेगळा. या खेळावर काम केलेल्या एकाने २०२० मध्ये सांगितलं की सुमारे ९२ टक्के लोक सज्जनपणाचीच वाट धरतात. उर्मट वाटेसाठी लिहिलेले संवाद, त्यावर घेतलेली मेहनत, सगळं जवळजवळ वाया. मग खलनायकाचं आकर्षण गेलं कुठे? ते गेलं नाही, तिथे ते नव्हतंच. त्या खेळातला उर्मट नायकही शेवटी विश्व वाचवायलाच निघालेला असतो. फक्त वाटेत भेटेल त्याच्यावर खेकसतो. त्याचा स्वतःचा असा बेत काहीच नाही. काम सरकारचंच, जिभेला तेवढा लगाम नाही. खेकसण्यासाठी पैसे मोजून खेळ विकत घ्यावा, इतकी अजून त्याची टंचाई नाही. बेताशिवायचा दुष्टपणा म्हणजे नुसता वाईट स्वभाव, आणि तो लोकांना खेळातही नको असतो.

याच कारणाने तिसरा, गंभीर आक्षेपही निकालात निघतो. खरं क्रौर्य समोर ठेवलं तरी लोक ते उड्या मारत खेळतील, असं म्हटलं जातं. २००९ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'मध्ये एका विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांना ठार मारणाऱ्या टोळीबरोबर चालायचा प्रसंग होता. बनवणाऱ्यांनीच तो भाग वगळण्याची सोय आधी देऊन ठेवली होती, आणि प्रवाशांवर एकही गोळी न झाडता तो पार करता येत असे. त्यावर जगभर वादंग झालं. त्या प्रसंगात किल्ला नाही, भुयार नाही, फुगून बसणारे राक्षस नाहीत, खट्याळपणा तर नाहीच; आहेत ती फक्त माणसं आणि मरण. मनाला त्याची शिसारी येते, आणि यायलाच हवी. राखरांगोळी आणि हत्याकांड यांतला फरक त्या पंधरा वर्षांच्या मुलाला चांगला कळतो. मोठ्यांच्या जगात तो कुठे कुठे धूसर होतो, तो विषय वेगळ्या लेखाचा.

आणखी एक समज सिंगापुरात राहणाऱ्या आपल्या मंडळींना फार आवडतो. इथे नियमच इतके की पोरांच्या मनातलं कोंडलेपण असं बाहेर पडतं, असा. समज सोयीचा आहे, कारण त्यात दोष सरकारवर जातो. पण मग पुण्याचं काय? लक्ष्मी रोडवर उलट्या दिशेने स्कूटर घालून वर समोरच्यालाच "दिसत नाही का?" विचारणाऱ्या घरांतली मुलंही हेच खेळ तितक्याच भक्तिभावाने खेळतात. सिग्नल तोडण्यात गुन्हा असतो हेच मुळी त्यांना या खेळांतून कळलं असेल. नियम कमी असोत की जास्त, दुसऱ्याने आखलेल्या दिवसाचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच. मुलाला नियम मोडायचा नसतो हो. त्याला एकदा तरी नियम करणारा व्हायचं असतं. पाताळाचा का होईना.

चांगुलपणा कसा थकवतो याचा दाखला तर सिंगापूर सरकारच्याच दफ्तरात आहे. १९८२ पासून सौजन्याचे धडे देणारा 'सिंगा' नावाचा एक सिंह होता. शाळांत, बसमध्ये, पोस्टरवर तो हसतमुखाने सांगत असे: कृपया म्हणा, आभार माना, जागा द्या. तीस वर्षं सांगून झाल्यावर मे २०१३ मध्ये या सिंहाने देशाला जाहीर पत्र लिहिलं की आपण थकलो आहोत, आणि राजीनामा दिला. ती मोहीम चालवणाऱ्यांचीच ही शक्कल होती, पण कारण सगळ्यांना पटलं. रोज तेच सांगायचं, तेही दुसऱ्याने लिहून दिलेलं. उलट रावणाने दहातल्या एका तोंडानेही कधी कंटाळा आल्याचं सांगितलेलं नाही. लंका त्याची होती.

तेव्हा आजी, नातू आज रात्री जग बुडवत असेल तर बुडवू द्या. फार तर जवळ बसून विचारा, की राक्षसांचे या महिन्याचे पगार झाले का. तो तुमच्याकडे पहिल्यांदाच आदराने बघेल. जेवणाची वेळ झाली की हाक मारा. बहुधा तो "पाच मिनिटं" म्हणेल, आणि ती पाच मिनिटं कशी मोजायची हे तुम्हाला त्याच्या बापाच्या वेळेपासून ठाऊक आहे. आणि हे सगळं वाचूनही ज्यांना पडद्याबाहेर, खऱ्याखुऱ्या बिशानमध्ये थोडं वाईट वागून बघायचंच असेल, त्यांच्यासाठी एक माहिती. स्टेशनातल्या त्या पाटीवर सिगारेट, खाणंपिणं आणि पेट घेणाऱ्या वस्तू यांच्या जोडीला आणखी एक चित्र आहे, डुरियनचं. फणसासारखं काटेरी दिसणारं हे फळ त्याच्या वासामुळे गाडीत न्यायला मनाई आहे. त्याच्यापुढे दंडाचा आकडा मात्र लिहिलेला नाही.